रुखवतात गेलेलं लेकरू

अन्याय माझ्या थोरल्या आत्यावर झाला. कधी झाला तेही सांगते, कारण आमच्या घरात असल्या गोष्टींना "जुनं झालं आता" म्हणायची पद्धत आहे, आणि एकदा जुनं म्हटलं की कुणाच्याच अंगाला काही लागत नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, अक्षयतृतीयेला, धाकट्या आत्याच्या लग्नात. अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत बसायची होती, तेवढ्या वेळात. त्या वेळात थोरल्या आत्याची ट्रंक तिला न विचारता उघडली गेली, आतलं भरतकामाचं चित्र बाहेर निघालं आणि धाकटीच्या रुखवतात मांडलं गेलं. ट्रंक उघडणारी तिची सख्खी आई होती, म्हणजे माझी अज्जी.

मी पत्रकं लिहिते. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलांच्या कडा घरी बसून शिवणाऱ्या बायकांसाठी लिहिते. पत्रकात पहिल्याच ओळीत कुणावर, कधी, काय झालं ते सांगायचं असतं, नाहीतर वाचणारा कागदाची पुडी करतो. म्हणून इथंही तसंच सुरू केलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण माझी आई त्या वेळी घरात नवी सून होती आणि ट्रंकेपासून मांडवापर्यंत ते चित्र तिच्याच हातून गेलं. तिनं मला हे सांगितलं ते अगदी अलीकडं, सगळं उघडं पडल्यावर, भाकरी थापता थापता, शेजारच्या घरचं सांगावं तसं.

थोरली आत्या कुंभारी गावात दिली होती. नवरा लवकर गेला. मुलगा होता एक, तो गोवरानं गेला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पडद्यासमोर उभं करून फोटो काढणारे बसतात, तिथं पुढच्या वर्षी त्याचा फोटो काढू असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी तो नव्हता. आत्या एक ट्रंक घेऊन सोलापुरात भावाकडं परत आली. लेकराचा फोटो नाही, तर तिनं ते सुईनं काढलं. गल्लीत एका तेलुगू विणकराचं घर होतं, त्यांच्या मागावर उरलेली रेशमाची टोकं तिथली बाई हिला द्यायची. त्या तुकड्यांतून आत्यानं मॅटीच्या, म्हणजे भरतकामाच्या जाड कापडावर पोरगं भरलं. कुंभारीच्या शेतातल्या वासराच्या मानेवर हात टाकून उभा, एका पायावर दुसरा पाय टाकलेला, केस न बसणारे, गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग. आमच्यात, लिंगायतांत, लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात आणि माणूस गेला तरी ते काढत नाहीत, त्याच्याबरोबरच मातीत जातं. आत्यानं चित्रातही ते सोडलं नाही. बाजारातल्या कुठल्याशा फ्रेमवाल्याकडून काच लावून घेतली आणि चित्र ट्रंकेत ठेवलं. भिंतीवर नाही लावलं. तिच्यापुरतं होतं ते.

आता लग्नाचा दिवस. धाकटीच्या रुखवतात लाडू होते, चिवड्याचे डोंगर होते, रंगवलेले नारळ होते. नवऱ्याकडच्या बायका ते बघून झाल्यावर एकजण म्हणाली, "आचाऱ्याच्या हातचं बघितलं. पोरीच्या हातचं काय हाय?"

धाकटीच्या हातचं काही नव्हतं. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. यात तिचा काही गुन्हा नाही हे मी आज ओरडून सांगेन, पण त्या मांडवात तो गुन्हाच होता. अज्जी आत पळाली. थोरली आत्या त्या वेळी मागच्या खोलीत पानं मांडायच्या पत्रावळी पुसत होती, कारण लग्नाच्या मांडवात विधवेनं पुढं यायचं नाही. आमचे स्वामी व्यासपीठावरून सांगतात की आपल्या धर्मात विटाळ नाही, शरणांनी, आमच्या जुन्या संतांनी, तो कधीच मोडला, आपल्यात बाई विधवा झाली तरी बाईच. ऐकायला फार छान वाटतं. मग ती मागच्या खोलीत का होती? आणि गंमत बघा, विधवा मांडवात चालत नव्हती, पण तिच्या हातची कलाकुसर चालली. फक्त तिची आहे असं म्हणायचं नाही.

रुखवतातलं सगळं नवरीबरोबर जातं. चित्रही गाठोड्यात बांधून कापड बाजारातल्या तिच्या सासरी गेलं.

संध्याकाळी थोरल्या आत्यानं ट्रंक उघडी बघितली. आई म्हणते, ती रडली नाही. अज्जीला एवढंच म्हणाली, "कुटं हाय?"

अज्जी म्हणाली, "पोरीचं लग्न झालंय. तिच्या संसारात माती कालवू नको. जरा रुळू दे तिला, मग आणू."

धाकटी रुळली. तिला मुलगा झाला. मग दुसरा झाला, मग मुलगी झाली. दिराचं लग्न झालं, सासरा वारला, दुकान वाढलं. दरवेळी काहीतरी कारण होतं आणि दरवेळी ते कारण शुभ होतं, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. अज्जी गेली तेव्हाही आणायचं राहिलंच होतं. थोरली त्या घरी कधी गेली नाही. सणासुदीला तिला बोलावत नव्हते आणि बिनसणाचं कुणी कुणाकडं जात नाही. धाकटीच आमच्याकडं यायची आणि म्हणायची, "अक्का, बैठकीत लावलंय, एकदम चांगलं हाय." आम्ही पोरं मात्र दिवाळीला त्या घरी जायचो. बैठकीत एक बाळकृष्णाची मोठी फ्रेम होती, गाईच्या वासराजवळ उभा, डोक्यात मोरपीस. शैवाच्या घरी बाळकृष्ण कसा, असं लहानपणी कधी मनात आलं नाही. फराळाचं ताट मनात होतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शहरातल्या एका महिला मंडळानं जुन्या भरतकामाच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मंडळाची अध्यक्ष म्हणजे माझी धाकटी आत्या. मला त्या प्रदर्शनाचा आधीच राग होता. टॉवेलांच्या कडा शिवून बोटं सोलवटलेल्या बायकांना हे मंडळ कधी दारात उभं करत नव्हतं आणि इथं सुईची पूजा चालली होती. मी पत्रकं वाटायला म्हणूनच निघाले होते. थोरली आत्या म्हणाली, "मला बी ने. जुनी चित्रं म्हणतायत, तर माझं बी आसंल."

"तुझं कसलं?" मी विचारलं.

"हाय की एक," ती म्हणाली. मी फार लक्ष दिलं नाही.

हॉलमध्ये भिंतीला लागून चित्रं मांडली होती. राघू, हंसाची जोडी, सोलापुरात कुणी बघितला नसेल असला धुराड्याचा विलायती बंगला. प्रत्येकाखाली कार्ड, कार्डावर घराण्याचं नाव. आत्या मजेत बघत होती. एका राघूसमोर थांबून म्हणाली, "ह्येची चोच आधी भरली आन मग तोंड. म्हणून रुसल्यावाणी दिसतंय." मी हसले. मग आम्ही मधल्या भिंतीशी आलो. तिथं ती बैठकीतली फ्रेम होती आणि कार्डावर धाकट्या आत्याचं नाव होतं. "श्री बाळकृष्ण. वयाच्या पंधराव्या वर्षी केलेली कलाकृती."

आत्या थांबली. "ह्यो कोण म्हणून लिवलंय?"

"बाळकृष्ण."

"न्हाय. ह्यो माझा हाय."

मला वाटलं, म्हातारपण. मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि काचेजवळ तोंड नेलं. "डोक्यात पिसं कुणी खोवली ह्येच्या?" मग बोट गळ्यापाशी नेऊन म्हणाली, "हितं लिंग होतं. हार कुणी घातला?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. सगळ्या चित्रातले टाके तांदळासारखे एका आकाराचे होते. मोरपीस आणि हार तेवढे वेगळे, टाके लहानमोठे, धागा ओढून कापड चुरगळलेलं. हाराखाली एका कडेला पांढरं फडकं अजून दिसत होतं.

धाकटी आत्या रेशमी इरकल नेसून पाहुण्यांबरोबर फिरत होती. आम्हाला बघून ती आली. "अक्का, तू कशी आलीस?"

"पायानं आले. तंगी, माझ्या लेकराचं लिंग कुणी झाकलं?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात असतं. धाकटीनं इकडंतिकडं बघितलं आणि आम्हाला चहाचे कप विसळायच्या मागच्या खोलीत नेलं. हेही बघून ठेवा. पुन्हा मागचीच खोली.

तिथं तिनं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं फ्रेम हातात घेऊन विचारलं, हा कोण गं? "मी काय सांगणार होते अक्का? मेलेलं पोर हाय, विधवेच्या हातचं हाय, आन लग्नाच्या गाठोड्यातून आणलंय, असं? तोंडाला आलं ते बोलले. बाळकृष्ण म्हणाले." सासू म्हणाली, मग मोरपीस कुठाय, विसरलीस होय, घाल की. नव्या सुनेनं दार लावून सुई धरली. बोटं भोसकून घेतली आणि मोरपीस घातलं. लिंगाचं काय करायचं? बैठकीत बाजारातले परमुलखातले व्यापारी बसायचे, कृष्णाच्या गळ्यात लिंग बघून हसले असते. म्हणून हार घातला.

"आन मग दुसरं चित्र कर म्हणाले न्हाईत का तुला?" थोरलीनं विचारलं.

"म्हणाले की. प्रत्येक लग्नात म्हणाले. मी म्हणायची, डोळे दुखतात." धाकटी खाली बघत होती. "अजून रोज डोळ्यात औषध घालते मी अक्का. दुखत न्हाईत तरी."

थोरली आत्या हसली. खरंच हसली. "यव्वा, चांगल्या डोळ्याला औषध. ती तुझी म्हातारी सासू कवाच मेली की गं."

मला हसू आलं नाही. एका पोरीला सुई येत नाही, हे सांगायला जागा नाही म्हणून तिनं आयुष्यभर धडधाकट डोळ्यांत थेंब टाकले. एका बाईला दुःख दाखवायला जागा नाही म्हणून तिचं लेकरू देव करून टाकलं. आणि बघायला आलेली ती माणसं, ज्यांनी मांडवात उभं राहून "पोरीच्या हातचं काय" म्हणून विचारलं, ती लाडू खाऊन सुखानं घरी गेली. मला धाकटीची कीव आली. पण रागापेक्षा कमीच.

"दे मला ते," थोरली म्हणाली.

"प्रदर्शन संपू दे अक्का."

"संपू दे."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. बिनतोड लिहिलं होतं. थोरल्या आत्याला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छापू नगं. कागद वाटून लेकरू घरी येतंय व्हय? मला चित्र पायजे. तुजी लढाई तू नंतर कर." मला तिचाही राग आला, पण पत्रक ठेवून दिलं. बापाला म्हटलं, तुम्ही चला त्यांच्याकडं. तो म्हणाला, "बहिणी-बहिणींचं हाय, मी पुरुष माणूस काय बोलू त्यात." अशा वेळी आमच्यातले पुरुष फार नम्र होतात.

मग प्रदर्शन संपल्यावर आम्ही दोघीच गेलो. धाकटीचा थोरला मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, गादीवर बसला होता. वाईट माणूस नाही. पाणी दिलं, चहा सांगितला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, देणार. नाही कुठं म्हणतोय? पण आत्ता धाकट्या बहिणीचं जमतंय. अकलूजची माणसं येणारेत, साखर कारखान्यातली, मोठं घर आहे. आमच्या घरच्या बायकांच्या हातात काय कला आहे ते बघतील. लग्न झालं की फ्रेम तुमची."

"देवासमोर म्हण."

"मी व्यापारी आहे मावशी, शब्द मोडत नाही."

"व्यापारी हायस म्हणूनच म्हणते."

तो मोठ्यानं हसला आणि देवापुढं म्हणाला. बैठकीत बाळकृष्णच होता, त्याच्यापुढंच हात जोडले. थोरली आत्या आपल्या पोराकडं बघत उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच उचलून का नाही आणलं. मीही तेच म्हणत होते. पण आत्याला ते चोरीसारखं आणायचं नव्हतं. ते एकदा चोरीसारखं गेलं होतं.

उन्हाळ्यात लग्न झालं. आत्या आता मांडवात येऊ शकत होती, काळ बदलला होता, निदान खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत. रुखवताला विजेच्या दिव्यांची माळ सोडली होती. साखरेची अख्खी बैलगाडी होती. आणि मधोमध ती फ्रेम. म्हणजे भिंतीवर दाखवायची म्हणून ठेवून घेतलेली फ्रेम सरळ गाठोड्याच्या वाटेला लावली होती. खाली नवीन कार्ड. त्यावर नवरीचं नाव. "चि. सौ. कां." आणि पुढं "हिच्या हातची कला." नवरी कॉलेजात वाणिज्य शाखेत शिकत होती. तिच्या हातची कला म्हणजे टायपिंग.

म्हणजे आता धाकटीही पुसली गेली. ती फ्रेमसमोर उभी राहून कार्ड वाचत होती. एवढी वर्षं जे खोटं जपलं ते तिच्याच मुलानं न विचारता पुढच्या पिढीला देऊन टाकलं होतं. "आई, तुझं काय, माझं काय, घरचंच की," तो तिला म्हणाला.

थोरली आत्या शेवटच्या रांगेतून उठली. मी मागे गेले. ती सरळ अकलूजच्या विहीणबाईंपाशी गेली. धिप्पाड बाई, हातात पानाचा डबा. आत्या म्हणाली, "बाई, बाकी समदं न्या. ह्यो एक माझा लेक हाय. मी भरलाय. गोवरानं गेला. ह्येचा फोटू न्हाय. एवढा सोडा."

 विहीणबाईंनी फ्रेमकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. म्हणाल्या, "आसं हाय व्हय. मग न्या की, म्हातारे. आमच्या भितीवर जागा तरी कुटं हाय? कॅलेंडरंच मावनात."

एवढंच. इतकं सोपं होतं. ज्या सासरच्या माणसांच्या भीतीनं तीन पिढ्या खोटं बोलल्या, त्यांना ते चित्र नको होतं. विचारलं असतं तर दिलं असतं. मला त्या क्षणी सगळ्यांत जास्त चीड आली, चांगुलपणाचीच आली.

आत्यानं फ्रेमला हात लावला आणि आतेभाऊ मधे आला. आवाज चढवला नाही त्यानं. "मावशी, रुखवतात मांडलेली वस्तू माघारी घरात घ्यायची नसते. पोरीला चांगलं नाही. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं. बायकांच्या माना हलल्या. विहीणबाईंचाही हात मागे गेला. "मग नगं बाई. शकुनाचं हाय. ऱ्हाऊ द्या."

थोरली आत्या धाकटीकडं वळली. "तू बोल, तंगी."

धाकटीचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलते. एवढं बोलली असती तर मी तिला सगळं माफ केलं असतं, माझा अधिकार नसताना. ती म्हणाली, "पोरीचं लग्न हाय, अक्का."

मग मी बोलले. मोठ्यानं बोलले, मला तेवढंच येतं. हे चित्र कुणाचं, कुणी उचललं, लिंग कुणी झाकलं, सगळं सांगितलं. आतेभावानं बँडवाल्याकडं बघून नुसतं बोट वर केलं. बँड सुरू झाला. कारखान्यांच्या गेटवर गळ्याच्या शिरा ताणून बोलणारी मी, पण क्लॅरिनेटपुढं माझं काही चाललं नाही. माझी आई माझा पदर ओढत म्हणाली, "चल. तुझ्या रुखवतात काय, पत्रकं मांडायची का आता?"

संध्याकाळी फ्रेम एका नव्या चादरीत गुंडाळून जीपमध्ये पातेल्यांवर ठेवली. थोरली आत्या जीपपाशी उभी होती. ड्रायव्हरला म्हणाली, "काचेची बाजू वर ऱ्हाऊ दे बाबा."

नंतर मी एकदा एसटीनं अकलूजला जाऊन आले. नवरीनं, आता तिथली सून, चहा केला. फ्रेम कपाटावर आहे, चादरीसकट, अजून सोडलेलीही नाही. ती म्हणाली, "ताई, मला द्यायचं आहे. पण सासूबाईंना विचारायला पाहिजे, आणि सासूबाई म्हणतात पहिलं बाळंतपण होऊ दे." पुन्हा शुभ कारण. मी रिकाम्या हातानं आले. थोरली आत्या ओट्यावर बसली होती. तिनं माझे हात बघितले आणि बाजूला सरकून मला जागा दिली. तिला आता सुईचं नेढं दिसत नाही. चेहरा जवळ धरला तर अजून दिसतो. किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नाही.

ठेवून दिलेलं पत्रक तिनं मागच्या आठवड्यात स्वतःच काढायला लावलं. म्हणाली, "लिव आता. नाव कुणाचं घालू नगं, पोरगी नांदतीय." मी नावं घातलेली नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तेव्हा वाचणाऱ्या, तुला सांगते. तुझ्या बैठकीत रेशमाचं, लोकरीचं, मण्यांचं काचेत घातलेलं एखादं चित्र असेल. आजच खाली काढ. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला समोर बसव आणि विचार, हे कुणी भरलं आणि आपल्याकडं कसं आलं. ती दुसरं काही बोलायला लागली तर पुन्हा विचार. दुसऱ्याचं निघालं तर ज्या बाईचं आहे तिच्या हातात नेऊन दे, ती जिवंत आहे आणि तिला दिसतंय तोवर. आणि अकलूजच्या त्या घरात हा कागद पोचला असेल, तर बाळंतपणाची वाट बघू नका. कपाटावरची चादर काढा आणि उद्याच्या पहिल्या एसटीनं या.